खांदे सोड, जबडा सोड

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही. खरं तर संकल्पाची गरज नव्हती. मी मुळात शांत माणूस. लोक चिडवतात तेव्हाच चिडतो. आता लोक रोज चिडवतात त्याला मी काय करणार? संकल्प काल, एक तारखेलाच करणार होतो, पण काल स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं. लाथ मारली म्हणून नाही. बिजागरी आधीच ढिली होती. लाथ नंतर.

हिला पाचवा महिना. दार पडल्यावर ही ओरडली नाही, रडली नाही. गॅस बंद केला आणि म्हणाली, की बाळ झाल्यावर ते या घरात आणायचं की आईकडे न्यायचं, हे मी तेव्हा ठरवीन. मी म्हणालो, ठरव की. या दिवसांत बायका काहीही बोलतात.

हिने एक क्लासही शोधलाय. संमोहन आणि शिथिलीकरण वापरून बाळंतपण. हॉस्पिटलातच, पण नैसर्गिक. किंचाळणं नाही, घाबरणं नाही. नवऱ्याने बरोबर यावं लागतं. लगेच हो म्हणालो. बिचारी सतत ताणाखाली असते. का कोण जाणे.

९ जानेवारी, संध्याकाळी
पहिला क्लास. दातांच्या दवाखान्याच्या वरचा मजला. खाली दाढा उपटतात, वर आम्ही गाद्यांवर आडवे. सहा जोडपी. शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड नर्स. आवाज इतका हळू, की सारखं काय? काय? विचारावं लागतं. मीच विचारत होतो. बाकीचे ऐकू आल्याचं सोंग करत होते.

शिकलो ते असं. संमोहन म्हणजे झोप नव्हे. कळ आली की भीतीने अंग आवळतं, अंग आवळलं की कळ जास्त दुखते. अंग सैल सोडता आलं की निम्मी लढाई जिंकली. त्यासाठी एक शब्द ठरवायचा. नवऱ्याने रोज तो शब्द म्हणायचा, बायकोने रोज त्यावर अंग सोडायचं. चार महिने सराव केला की शब्द कानावर पडताच अंग आपोआप ढिलं पडतं. मग मनात काही का चाललेलं असेना.

इतरांनी कमळ, चांदणं, शांती असले शब्द घेतले. मी घेतला 'सोड'. खांदे सोड, जबडा सोड, कंबर सोड. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी दिवसभर हेच म्हणत असतो. क्लच सोड. ब्रेक सोड. अहो बाई, ब्रेक सोडा. क्लासवाल्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, छोटा शब्द आहे आणि तुमच्या तोंडून मनापासून येईल.

सराव चालू असताना शेजारच्या गादीवरच्या चष्मेवाल्याचा पाय माझ्या पायाला लागला. मी तो बाजूला केला. तो म्हणतो, लाथ मारली. वर मला उशी फेकून मारली. मी फक्त त्याचा चष्मा काढून घेतला, तर तो हातात वाकला. हल्लीच्या फ्रेम्स अगदीच तकलादू. त्याच्या बायकोने मला पर्सने बडवलं. पोटुशी बाई, म्हणून मी ऐकून घेतलं. पर्समध्ये पाण्याची बाटली होती.

पुढच्या वेळेपासून आम्हाला खिडकीजवळ वेगळी जागा मिळणार आहे. हवा चांगली येईल. परतताना ही रस्ताभर गप्प. शिथिलीकरणाचा गुण इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

१७ जानेवारी
या तंत्राचा कामावरही उपयोग करायचा ठरवलं. आज कॅशियरबाईंचा चढावरचा धडा. या बाई बँकेत दिवसभर नोटा मोजतात, पण गाडीत बसल्या की डावा पाय कुठला ते त्यांना आठवत नाही. चढावर हाफ क्लच धरायला सांगितलं. गाडी थरथरायला लागली. मागून हॉर्न. माझी तळपायाची आग मस्तकात. एरवी डॅशबोर्डवर बुक्की मारली असती. (मारली. पण बेताने. समोरचा कप्पा उघडला तो मिटेचना, पण तो जुनाच होता.) मग मी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि स्वतःला म्हणालो, सोड.

बाईंनी सोडला.

गाडीने एक उडी घेतली, बंद पडली आणि मागे घरंगळली. मागे फुलवाल्याच्या बादल्या. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, पण माझे डोळे मिटलेले होते. फुलवाल्याने कॉलर धरून मला खिडकीतून अर्धा बाहेर ओढला आणि ओल्या फुलांच्या जुडीने तोंडावर फाडफाड हाणलं. मीही त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग त्याचा भाऊ आला. त्याचा भाऊ बराच मोठा आहे.

स्कूलचे मालक म्हणाले, ही शेवटची संधी. हे ते दरवेळी म्हणतात. मायाळू माणूस.

घरी आल्यावर ही माझ्या नाकाला कापूस लावताना हळूच म्हणाली, की मला मोठ्या आवाजाची भीती वाटते, फुटण्याच्या आवाजाची तर जास्तच. मी म्हणालो, काळजी करू नकोस, आज काहीच फुटलं नाही. नाक सोडून.

३० जानेवारी
रेकॉर्डिंग केलं. रोज मी घरी असेनच असं नाही, तेव्हा हिने माझ्या आवाजावर सराव करावा. बेडरूमचं दार लावलं, फोन उशीवर ठेवला आणि सुरू केलं. तू एका जिन्यावरून खाली खाली जात आहेस. कपाळ सोड. जबडा सोड. खांदे सोड. आवाज इतका छान लागला होता की माझाच डोळा लागायला आला.

तेवढ्यात वरच्याने ड्रिल चालू केलं.

वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचा. नवीन राहायला आलाय आणि महिनाभर भिंतींना भोकं पाडतोय. भिंत उरली आहे की नुसती भोकंच, देव जाणे. मी खिडकीतून त्याला सभ्य शब्दांत सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मग वर गेलो. ड्रिल त्याच्या हातात होतं म्हणून बोलणं थोडक्यात आटोपलं. त्याने वायर ओढली, मी ड्रिल ओढलं, दोघेही शिडीवर पडलो. शिडी त्याच्या बायकोवर पडता पडता वाचली.

खाली आलो तर रेकॉर्डिंग चालूच. जिना, कपाळ, जबडा, मग बंद कर नाहीतर बत्तिशी घशात घालीन, मग दाणदाण पावलं, मग लांबून सोड, सोड, सोड साल्या, मग पुन्हा मी, धापा टाकत, आता तुला अगदी शांत वाटत आहे. मधला भाग काढून टाकता येईना. तसंच दिलं. म्हटलं, हॉस्पिटलात तरी कुठे पूर्ण शांतता असते?

हिने इअरफोन लावून सगळं ऐकलं. डोळे मिटून. मग विचारलं, क्लासवाल्या बाईंच्या आवाजातलं वापरलं तर चालेल का? मी समजावलं, की आवाज जवळच्या माणसाचाच लागतो. शास्त्र आहे.

११ फेब्रुवारी
बर्फाचा सराव. हातात बर्फाचा तुकडा घट्ट धरायचा, झोंबायला लागलं की नवऱ्याने शब्द म्हणायचा. कळ सोसण्याची रंगीत तालीम.

हिने धरला. मी म्हणालो, सोड, खांदे सोड. हिचे खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली. बर्फ विरघळून कोपरापर्यंत ओघळला तरी हिचा चेहरा झोपल्यासारखा. मी थक्क झालो. काय आवाज आहे माझा!

मग म्हटलं, आपणही बघू. धरला. ही म्हणाली, सोड. मी लगेच सोडला. म्हणजे जरा जोरात सुटला. समोरच्या इमारतीची काच. ज्यांची काच ते गृहस्थ बॅट घेऊन आले. घरात बॅट बाळगणारा माणूस शांत असूच शकत नाही. जिन्यात आमची झटापट झाली. तोल जाऊन कठड्यावर आपटलो, त्यामुळे उजवी बरगडी हसताना दुखते. हसण्याचा प्रसंग कमी येतो म्हणून बरं.

वर आलो तर ही तशीच बसलेली. डोळे मिटलेले. म्हणाली, उपयोग होतो याचा. किती आनंद झाला मला!

२४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. सगळं उत्तम. नैसर्गिक व्हायला हरकत नाही म्हणाल्या, पण वेळ पडली तर ऑपरेशन करू, हट्ट चालणार नाही. खोलीत एकच माणूस येऊ शकतो, नवरा किंवा आई. मी म्हणालो, वेळ पडली तर आधी मला विचारायचं. त्या म्हणाल्या, आधी तिला विचारू. मी टेबलावर हात ठेवला. हात जड आहे माझा. पेपरवेट उडून वजनकाट्यावर पडलं. त्यांनी बेल दाबली आणि मला बाहेर बसवलं. हिला मात्र बराच वेळ आत ठेवून घेतलं.

येताना विचारलं, काय बोलत होतात दोघी? ही म्हणाली, त्यांनी विचारलं, नवरा हात उगारतो का? मी सांगितलं, माझ्यावर नाही, वस्तूंवर.

माझी बाजू घेतली. बरं वाटलं.

मग म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारलं, की दोन वर्षांचं मूल रडून रडून घर डोक्यावर घेतं तेव्हा तो त्याला माणसात धरेल की वस्तूंत? आता हा काय प्रश्न झाला? शिकलेल्या बायकांचे विनोद मला कळत नाहीत. हिलाही कळला नसावा. हसली नाही.

१२ मार्च
सासूबाई आल्या. बाळंतपण होईपर्यंत राहणार. त्यांना सोडायला माझा मेव्हणा आला होता. तो व्यायामशाळा चालवतो. दारातच त्याने माझ्याशी हात मिळवला आणि सोडलाच नाही. हसत हसत बोटं दाबत राहिला. म्हणाला, भाऊजी, ताईला जपताय ना? मीही हसत राहिलो. तो गेल्यावर करंगळी बर्फात ठेवली.

सासूबाईंनी येताक्षणी घर आवरायला घेतलं. काचेचे पेले माळ्यावर, त्याजागी स्टीलचे. चिनी मातीच्या बशा गायब. आरसाही भिंतीवरून उतरवून पलंगामागे ठेवला. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, जावईबापू, स्टील टिकतं हो. खरं आहे. संध्याकाळी चहात साखर कमी होती तेव्हा पेला भिंतीला लागला, नुसता पोचा आला. भिंतीलाही आला.

२८ मार्च
आज दिवसभर चिडलो नाही. नोंद करून ठेवतो.

२८ मार्च, सायंकाळी
वरचा पुन्हा भेटला. लिफ्टमध्ये. लिफ्ट बंद पडली. माझ्यामुळे नाही, आमच्या दोघांमुळे.

१६ एप्रिल
सकाळी मूड प्रसन्न. बाळाचा पाळणा आला. म्हणजे खोका आला, पाळणा आत सुटा. ही आणि सासूबाई म्हणाल्या, सुताराला बोलवू. मी म्हणालो, बाप जिवंत असताना सुतार कशाला? लेकराचा पाळणा मी स्वतःच्या हाताने जोडणार.

दुपारपर्यंत तीन बाजू उभ्या राहिल्या. चौथीचा स्क्रू बसेना. फिरवला, ठोकला, दातात धरला. पुन्हा सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं. तोच स्क्रू. स्वतःला सोड, सोड म्हणालो. पाच-सहा वेळा म्हणालो. आवाज वाढत गेला असेल. मग नेमकं काय झालं सांगता येत नाही. हातोडी हातात होती हे आठवतं. थांबलो तेव्हा पाळण्याच्या जागी फळ्या होत्या आणि त्याही पूर्ण नव्हत्या. गादी फाटली होती. गादीला मी कशाला मारलं असेन?

ही दारात उभी होती. दोन्ही हात पोटावर, घट्ट. मी म्हणालो, स्क्रूच चुकीचे पाठवलेत त्यांनी. ही पोट सांभाळत खाली बसली आणि ढलप्या वेचायला लागली. सासूबाई आत देवाचं नाव घेत होत्या, मोठ्याने.

मग ही म्हणाली ते लिहून ठेवतो. म्हणाली, माझ्या अंगाला तुझ्या आवाजाची सवय झालीय, आता शब्द बदलायला वेळ नाही, म्हणून खोलीत तूच ये. पण तिथे तू कुणावरही हात टाकलास, तर बाळाला घेऊन मी या घरात येणार नाही. चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण अगदी हळू म्हणाली. क्लासवाल्या बाईंसारखी.

वचन दिलं. अगदी मनापासून दिलं. उद्या नवीन पाळणा आणतो. जोडलेलाच.

२ मे
सगळी तयारी झाली. पिशवी भरली. नखं कापली (माझी). सोळा एप्रिलपासून एकही वस्तू मोडलेली नाही. उशीवर बुक्क्या मारतो, पण उशीचं काय बिघडतं? सासूबाईंनी तिला दुसरा अभ्रा शिवला. मी आता पूर्ण बदललेला माणूस आहे. उद्या-परवा कळा सुरू होतील म्हणतात. होऊ देत.

४ मे, हॉस्पिटल, सकाळी
पहाटे कळा सुरू झाल्या. ही अगदी शांत. मी त्याहून शांत. फक्त गाडीची किल्ली सापडत नव्हती तेव्हा कपाटाचे खण थोडे बाहेर आले.

गाडी मी चालवली. मागे ही आणि सासूबाई. चौकात एका स्कूटरवाल्याने उजवा इंडिकेटर दाखवून डावीकडे वळण घेतलं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाने हे बघून गप्प बसायचं? पण वचन आठवलं. नुसती काच खाली करून त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, तुझा बाप शिकवायला आला होता का? मी उतरलो. हात नाही टाकला, फक्त त्याचं हेल्मेट काढून गटारात टाकलं. त्याने माझ्या पोटात डोकं घातलं. हेल्मेट नसताना! एवढ्यात आमच्या गाडीचा हॉर्न जोरजोरात वाजायला लागला. बघतो तर ही मागच्या सीटवरून पुढे वाकून कोपराने हॉर्न दाबतेय आणि तोंडाने फुंकल्यासारखा सावकाश श्वास सोडतेय. काय ते तंत्र! लगेच निघालो. आणि चौक खोलीत थोडाच मोडतो? वचन शाबूत.

दुपारी
खोलीत आहे. नर्स म्हणाली, इतकी शांत बाई मी पाहिली नाही. मी म्हणालो, आभारी आहे.

कळ येते, मी म्हणतो, सोड. हिचं कपाळ सैल, जबडा सैल, खांदे खाली. कळ जाते. पुन्हा येते. आम्ही दोघं मिळून एखादी गाडी चढावर नेतोय असं वाटतं. चार महिन्यांच्या मेहनतीचं चीज झालं. डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. लहानसा जीव येणार आहे आणि माझ्या शब्दावर येणार आहे.

थोड्या वेळाने
कळा जोरात. मघाशी हिने माझा हात धरला. मग मनगट धरलं. मग मनगटाला दात लावले. मी बारा वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसतोय, पण असं दुखणं माहीत नव्हतं. माझ्या तोंडून किंकाळी गेली, सोड! सोड! सोड!

आणि हिने सोडलं. मनगटच नाही, सगळं अंग. मऊ पडली. नर्सने तपासलं आणि म्हणाली, अगं बाई, किती छान उघडलं! असंच चालू ठेवा. हिने डोळे न उघडता माझ्या पोटरीला लाथ घातली. पण ती कळेमुळे.

संध्याकाळी, कॅज्युअल्टीत
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला पट्टी.

घडलं ते असं. भूल देणारे डॉक्टर आले. तरुण, केस विंचरलेले. हिला म्हणाले, दुखणं कमी करायला कमरेत इंजेक्शन देता येईल, हवं का? मी म्हणालो, नको, आमचं नैसर्गिक आहे. ते म्हणाले, मी यांना विचारतोय. ही म्हणाली, थांबा, मला विचार करू द्या. हे ती संमोहनात बोलत होती हे मला कळलं, त्यांना कळलं नाही. त्यांनी ट्रे जवळ ओढला. मी ट्रे लांब ढकलला. जरा जास्त लांब गेला. भिंतीपर्यंत. सुया, बाटल्या, सगळं खाली. ते म्हणाले, तुम्ही बाहेर व्हा. आणि माझ्या हाताला धरलं.

त्यांनी आधी धरलं. हे महत्त्वाचं आहे. मी नंतर. मी त्यांची कॉलर धरली, त्यांना भिंतीला टेकवलं आणि पाठीमागे ऐकलं, ही माझं नाव घेऊन म्हणाली, नको. एकदाच म्हणाली. पण तोवर हात सुटला होता. नाकावर बसला. रक्त आलं.

मग दोन वॉर्डबॉय आणि एक सिक्युरिटीवाला. एकाने मान, एकाने कंबर, एकाने पाय. उताणा उचलून नेलं मला. मी कॉरिडॉरभर ओरडत होतो. सोड मला! अरे सोड! हात सोड! एकाच्या पोटात कोपर मारलं, एकाचा कान धरला. त्यांनी मला पाण्याच्या कूलरवर आपटलं, कूलर आडवा. सोड! लिफ्टच्या दारात पाय अडकवला, त्यांनी त्यावर दार लावलं. सोड! जिन्यावरून नेताना प्रत्येक पायरीला डोकं लागलं. सोड, सोड, सोड! गेटपाशी सिक्युरिटीवाल्याने हात पिरगाळला तेव्हा शेवटचं ओरडलो. त्यानंतर आवाजच बसला.

आता कपाळाला टाके पडलेत. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी ओरडलो नाही. नर्स म्हणते ओरडलो.

सासूबाईंचा निरोप आला. मुलगी. दोघी सुखरूप. इंजेक्शन नाही, टाका नाही. मी उचलला गेल्यानंतर थोड्याच वेळात झाली. आतली नर्स सगळ्यांना सांगतेय, की बाहेरून आरोळी आली की ही आत अंग सोडायची. आरोळी, अंग सैल. आरोळी, अंग सैल. तशीच मुलगी आली. नर्सने असं कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे मीच केलं! खोलीबाहेरून, उताणा, तिघांच्या हातात असताना! क्लासवाल्या बाईंना सांगितलं पाहिजे. या तंत्राचा मी नवा प्रकार शोधून काढला आहे.

५ मे
मेव्हण्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांची माफी मागितली तेव्हा कुठे मला पंधरा मिनिटं वर सोडलं. बरोबर कालचा सिक्युरिटीवाला. त्याच्या गालावर माझी नखं आहेत. कापली होती तरी.

मुलगी झोपली होती. एवढीशी. मुठी मिटलेल्या. मी हिला म्हणालो, बघितलंस? माझा आवाज शेवटपर्यंत तुझ्याबरोबर होता. बसलेल्या घशाने म्हणालो, त्यामुळे चांगलं वाटलं कानाला.

ही म्हणाली, हो, होता. पहिल्यांदा अगदी कानाशी होता, तेव्हा अंग सैल व्हायचं पण भीती जायची नाही. मग दाराबाहेर गेला. मग लिफ्टशी. मग जिन्यावर. जसजसा लांब जात गेला, तसतशी भीती कमी झाली. गेटवरचा जेमतेम ऐकू आला. मग आलाच नाही. त्या शांततेत मुलगी झाली.

मी म्हणालो, म्हणजे उपयोग झाला. ही म्हणाली, झाला.

मग म्हणाली, इथून मी आईकडे जातेय. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, दिवस ठरवलेले नाहीत. मी म्हणालो, डॉक्टरने आधी माझा हात धरला होता. म्हणाली, मी पाहिलं. रागावली असती तर बोलता आलं असतं. मला काहीतरी आपटावंसं वाटत होतं. आसपास पाहिलं. स्टूलवर दुधाची वाटी होती आणि त्यापलीकडे मुलगी. मी हात खिशात घातले. हिने मुलीला उचलून दुसऱ्या कुशीवर घेतलं, भिंतीच्या बाजूला. मी काहीच केलं नव्हतं तरी.

वेळ संपली म्हणून सिक्युरिटीवाल्याने खांद्यावर हात ठेवला. मी गेलो त्याच्याबरोबर. चालत.

८ मे
आज त्या निघाल्या. मी गेटबाहेर उभा, आत जायला बंदी आहे. मेव्हणा गाडी घेऊन आला. पिशव्या मी डिकीत ठेवल्या. डिकीचं झाकण हळू लावलं. दोनदा लावावं लागलं.

ही मागे बसली, मुलगी मांडीवर. सासूबाई शेजारी. काच अर्धी खाली होती. मला बरंच बोलायचं होतं. उशीवरसुद्धा बुक्क्या मारणार नाही, पाळणा आणलाय, जोडलेलाच, वरच्याशीही मिटवून घेईन, पुढच्या सोमवारी भेटायला येईन, मेव्हण्याने हातपाय तोडले तरी येईन. एवढं सगळं जमलं नाही. काचेशी वाकून नुसतं म्हणालो, लवकर ये. मुलगी झोपलेली, म्हणून हळू म्हणालो. इतकं हळू मी आजवर कधी बोललो नसेन.

कुणालाच ऐकू गेलं नाही. हिने समोरच पाहिलं. मेव्हण्याने गाडी सुरू केली. पुन्हा मोठ्याने म्हणावं असं वाटलं, पण मुलगी उठली असती. मग नाही म्हणालो. त्या गेल्या.